१२३४५६७८९८७६५४३२१ : ही संख्या केवळ दिसायलाच देखणी आहे काय?

रोजकीर्द (कर्वेनगर, पुणे)

गेल्या रविवारी माझी नात अभ्यासाला बसली होती. ती सातवीत आहे. तिने वहीत ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१ असे एकाखाली एक लिहिले आणि मला विचारले, "आबा, हे असंच कुठपर्यंत चालतं?" माझ्या टेबलावरच्या जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये आठच अंक मावतात, त्यामुळे नऊ वेळा एक लिहिणेच शक्य नव्हते, आणि मोबाइलने उत्तर दिले तेही शेवटचे अंक गाळून दिले. आयुष्यभर हिशेबाची वही हाताने लिहिलेला मी माणूस असल्यामुळे आम्ही दोघांनी चौकटीच्या कागदावर उभा गुणाकार मांडला.

१११११११११ ला तिनेच गुणताना नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. उभी बेरीज करताना प्रत्येक रकान्यात फक्त एक मोजायचे असतात : उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक, दुसऱ्यात दोन, मधल्या रकान्यात नऊ, आणि मग पुन्हा उतरत एकापर्यंत. कोणत्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा कुठेच येत नाही, आणि रकान्यांतील मोजणी जशीच्या तशी उत्तराचे अंक बनते : १२३४५६७८९८७६५४३२१. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१, म्हणजे एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत जी अठरा स्थाने दिली आहेत, त्यांतील सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानावर हिचा पहिला एक बसतो.

दहा वेळा एक घेतल्यावर मात्र ही शोभा मोडते. मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, तिचा हातचा शेजारच्या नवाला मिळून तेथेही दहा होतात, त्याचा हातचा आठाला मिळून त्याचे नऊ होतात, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा आठ नाहीसा झालेला दिसतो; खरे तर त्याचा नऊ झालेला असतो.

आता माझा प्रश्न. चढत जाऊन उतरण्याचे हे रूप १ पासून नऊ एकांच्या वर्गापर्यंत नऊही भावंडांचे आहे. मग या सर्वांत मोठ्या भावंडाचा असा काही स्वतःचा गुण आहे काय, जो इतरांना नाही? मला दोन गोष्टी आढळल्या. हिच्या अंकांची बेरीज ८१ येते आणि हिला ८१ ने निःशेष भाग जातो. दुसरे, हिचे वर्गमूळ १११११११११ = ९ × १२३४५६७९ असे फुटते, आणि १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७. यापुढे मी अडलो आहे. ३३३६६७ ला मी १०१ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहिले, भाग जात नाही. पण तिचे वर्गमूळ ५७७ च्या पुढे आहे, आणि तितक्या मूळ संख्या शंभराहून अधिक आहेत. ती मूळ संख्या आहे हे हाताने कमी श्रमात सिद्ध करता येईल काय?

बाकी_शून्य

रोजकीर्द काका, येईल, आणि त्यासाठी सोळा भागाकार पुरतात. किंबहुना आपल्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराची वाटही याच सिद्धतेतून जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३३३६६७ × ३ = १००१००१, आणि १००१००१ × ९९९ = ९९९९९९९९९. म्हणजे ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव नऊ नवांच्या संख्येचाही अवयव असणार. आता कोणत्याही मूळ संख्येने (२ आणि ५ सोडून) एकाला भागले की आवर्ती दशांश मिळतो, आणि त्या संख्येने किती नवांच्या संख्येला भाग जातो यावरून आवर्ती गटाची लांबी ठरते. नऊ नवांना भाग जात असेल तर गटाची लांबी नवाचा विभाजक असली पाहिजे, म्हणजे १, ३ किंवा ९. लांबी १ किंवा ३ असेल तर ती संख्या ९९९ चा अवयव असेल, आणि ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे ती ३ किंवा ३७ च असू शकेल. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८ आहे, त्यामुळे ३ बाद; आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६, म्हणून ३७ ने भागल्यास बाकी १ उरते, तोही बाद. उरली लांबी ९.

येथे फर्माचा सिद्धांत उपयोगी पडतो. मूळ संख्येच्या आवर्ती गटाची लांबी त्या संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला निःशेष भागते. म्हणून आपला संभाव्य अवयव ९ च्या पटीपेक्षा एकाने मोठा असला पाहिजे, आणि तो विषम असल्यामुळे १८ च्या पटीपेक्षा एकाने मोठा. ५७७ पर्यंतच्या अशा मूळ संख्या ३७ वगळता इतक्याच आहेत : १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. एकानेही भाग जात नाही. १९ ने भागल्यास बाकी ८ उरते, ५७७ ने भागल्यास १६१. मधले भागाकार आपल्या नातीला करायला देण्याजोगे आहेत. तेव्हा ३३३६६७ मूळ संख्या आहे आणि आपल्या संख्येचे पूर्ण अवयव असे :

१२३४५६७८९८७६५४३२१ = ३⁴ × ३७² × ३३३६६७²

या तीन मूळ संख्यांकडे एकदा नीट पाहावे. १/३ = ०.३३३…, गटाची लांबी १. १/३७ = ०.०२७०२७…, लांबी ३. १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७…, लांबी ९. सर्वसाधारणपणे एका लांबीचे अनेक मालक असतात. सहा अंकी गट ७ चाही असतो आणि १३ चाही, पाच अंकी गट ४१ चाही असतो आणि २७१ चाही. पण एक अंकी गट असलेली मूळ संख्या जगात फक्त ३ आहे, तीन अंकी गट असलेली फक्त ३७, आणि नऊ अंकी गट असलेली फक्त ३३३६६७, कारण ९९९९९९९९९ = ३⁴ × ३७ × ३३३६६७ यात चौथ्या कोणाला जागाच नाही. आपली संख्या अशा तीन एकट्या मूळ संख्यांपासूनच बनलेली आहे. मला स्वतःला हिच्या बाह्य रूपापेक्षा ही गोष्ट कितीतरी अधिक मोलाची वाटते.

हिंजवडी_फेज२

काका, आपण कागदावर गुणाकार केलात हे फार योग्य केलेत, आणि मोबाइलने अंक का गाळले याचे कारण येथे नोंदवून ठेवावेसे वाटते, कारण या धाग्यावरचे काही वाचक संगणकावर पडताळा घ्यायला जातील आणि त्यांची फसगत होईल.

बहुतेक साधनांत संख्या ज्या रीतीने साठवली जाते, तीत ५३ द्विमान अंकांइतकीच अचूकता असते. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२ आहे. तेथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या तंतोतंत राहते. त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत, म्हणजे १८०१४३९८५०९४८१९८४ पर्यंत, केवळ सम संख्याच साठवता येतात. आपली संख्या नेमकी या पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे, म्हणून तिला तेथे जागाच नाही. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला नऊ एकांचा वर्ग साध्या रीतीने विचारला तर ते १२३४५६७८९८७६५४३२० असे उत्तर देते. स्प्रेडशीटमध्ये सहसा पंधराच अंक राखले जातात, त्यामुळे तेथे १२३४५६७८९८७६५४३०० दिसते. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि ती चुकीची आहेत असे सांगणारी कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही. पायथॉनसारख्या भाषेत पूर्ण संख्येला अशी मर्यादा नसते. पडताळा तेथे घ्यावा.

खडू_फळा

मी सिंहगड रस्त्यावरील एका शाळेत गणित शिकवते. या धाग्यात गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव अजून कसे आले नाही याचे मला आश्चर्य वाटते, कारण ही संख्या आणि तिची भावंडे यांना नाव त्यांनीच दिलेले आहे : 'डेम्लो संख्या'. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील या स्थानकाचे नाव त्यांनी या संख्यांना दिले, कारण त्यांचा विचार त्यांना तेथे सुचला होता. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला, पण त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण आपल्या पुण्यात, फर्ग्युसनमध्ये झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिक्षकी करता करता त्यांनी हे सारे काम केले. फर्ग्युसन रस्त्यावरून जाताना मी मुलांना हे आवर्जून सांगते.

काकांना आढळलेल्या पहिल्या गुणालाही कापरेकरांनीच नाव दिले आहे. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती 'हर्षद' संख्या, म्हणजे हर्ष देणारी. आता प्रश्न असा की नऊ डेम्लो भावंडांपैकी हर्षद किती? हे सहज ठरवता येते. क इतक्या एकांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज, क नऊपर्यंत असेल तर, बरोबर क² येते. (चार एकांसाठी १+२+३+४+३+२+१ = १६.) म्हणून तो वर्ग हर्षद असण्यासाठी क² ने वर्गाला, म्हणजेच क ने त्याच्या वर्गमूळाला, क एकांच्या संख्येला, भाग गेला पाहिजे. एकाच एका अंकाने बनलेली ही संख्या विषम असते आणि तिच्या शेवटी एक असतो, तेव्हा २, ४, ५, ६, ८ लगेच बाद होतात. ११११११ ला ७ ने भाग जातो, म्हणून सात एकांना ७ ने भागल्यास बाकी १ उरते. तेव्हा ७ ही बाद. उरतात फक्त १, ३ आणि ९. म्हणजे हर्षद भावंडे तीनच : १, १२३२१ आणि आपली ही सर्वांत मोठी.

रोजकीर्द

ताई आणि बाकी_शून्य, दोघांचाही मी अत्यंत आभारी आहे. सोळापैकी अकरा भागाकार नातीने आज संध्याकाळी केले. हर्षद हा शब्द तिला इतका आवडला की शेजारच्या मुलांच्या घरांचे क्रमांक हर्षद आहेत की नाहीत हे ती तपासत फिरली.

पण माझे अर्धेच समाधान झाले. हर्षद असण्यात १२३२१ भागीदार आहे. केवळ या एकीचाच म्हणता येईल असा गुण उरतो काय?

बाकी_शून्य

उरतो, आणि तो शोधायला कात्री घ्यावी लागते. संख्येचे उजवीकडून नऊ अंक तोडून दोन तुकडे करावेत : १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. त्यांची बेरीज करावी. उत्तर येते ९९९९९९९९९.

हेच धाकट्यांवर करून पाहू. आठ एकांचा वर्ग १२३४५६७८७६५४३२१ : उजवे आठ अंक तोडले तर १२३४५६७ + ८७६५४३२१ = ८८८८८८८८. सात एकांसाठी १२३४५६ + ७६५४३२१ = ७७७७७७७. तीनासाठी १२ + ३२१ = ३३३. म्हणजे क एकांच्या वर्गाची अशी कापाकापी केली की क हा अंक क वेळा लिहिलेली संख्या मिळते. याचे कारण असे की क अंकांवर संख्या कापून तुकड्यांची बेरीज करणे म्हणजे तिला क नवांच्या संख्येने भागून बाकी पाहण्यासारखेच आहे, आणि या बाकीच्या हिशेबात दहाने गुणले की अंक एक घर सरकतात आणि बाहेर पडलेला अंक मागून आत येतो. सर्वच अंक एक असतील तर सरकूनही काहीच बदलत नाही. म्हणून क एकांच्या संख्येला तिनेच गुणणे हे तिची क वेळा बेरीज करण्यासारखे ठरते.

आता क ला नऊ केले की उत्तरात सगळे नऊ येतात, आणि हे एकट्या नवाच्याच बाबतीत घडते. बेरीज ९९९९९९९९९ आली याचा अर्थ आपल्या संख्येला ९९९९९९९९९ ने निःशेष भाग जातो. खरोखरच,

१२३४५६७८९८७६५४३२१ = १२३४५६७९ × ९९९९९९९९९

नऊ नवांनी गुणणे म्हणजे पुढे नऊ शून्ये देऊन तीच संख्या वजा करणे : १२३४५६७९००००००००० − १२३४५६७९. ही वजाबाकी हाताने केली की सगळे उलगडते. डावा तुकडा एकाने कमी होऊन १२३४५६७८ होतो (येथे हरवलेला आठ परत येतो), आणि उजवा तुकडा म्हणजे त्याच डाव्या तुकड्याचा, पुढे शून्य देऊन लिहिलेल्या ०१२३४५६७८ चा, नवातून काढलेला पूरक : ० चे ९, १ चे ८, २ चे ७, असे करत ८ चा १. उतरता भाग चढत्या भागाचा पूरक आहे, आणि ही गोष्ट आठ एकांच्या किंवा सात एकांच्या वर्गात नाही. काका, आपण विचारलेला स्वतःचा गुण हाच.

थोडे विषयांतर, पण सोडवत नाही. आपल्या संख्येला ८१ ने गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो : ९९९९९९९९८००००००००१. हा वर्ग मधोमध कापून तुकड्यांची बेरीज केली की ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९, म्हणजे जिचा वर्ग घेतला तीच संख्या परत येते. ज्या संख्येच्या वर्गाबाबत असे घडते तिला आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात.

निःशंक

चर्चा मन लावून वाचली. माझा एक आक्षेप आहे, आणि तो मी कोणाचा उत्साह कमी करण्यासाठी नव्हे, तर प्रश्न स्वच्छ मांडला जावा यासाठी नोंदवीत आहे.

अंकांची बेरीज, तुकडे कापणे, आवर्ती गटाची लांबी, डेम्लो हे रूप, या सर्व गोष्टी संख्येच्या नसून आपण ती दशमान पद्धतीत लिहितो त्या लेखनाच्या आहेत. आपल्या हातांना आठ बोटे असती तर हीच संख्या वेगळ्या अंकांत लिहिली गेली असती आणि तिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते. लेखनावर अवलंबून नसलेले गुण पाहायचे तर अवयवांकडे पाहावे. ३⁴ × ३७² × ३३३६६७² यावरून विभाजकांची संख्या ५ × ३ × ३ = ४५ येते. ती विषम आहे, आणि वर्गसंख्येबाबत ती विषमच असते, कारण विभाजकांच्या जोड्या लागतात आणि वर्गमूळ एकटे उरते. सर्व विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. त्यातून ती संख्या वजा केली तर ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे संख्येच्या निम्म्याहून थोडे अधिक. स्वतःखेरीज इतर विभाजकांची ही बेरीज संख्येइतकीच आली तर संख्येला 'पूर्ण' म्हणतात, जास्त आली तर 'अधिक', कमी आली तर 'न्यून'. तेव्हा ही संख्या या अर्थाने पूर्ण नाही, अधिकही नाही. ती न्यून संख्या आहे. इतके दशमान पद्धतीवाचून खरे आहे. बाकीचे आपल्या दहा बोटांचे देणे आहे असे मला वाटते.

खडू_फळा

निःशंक यांच्या आक्षेपाला उत्तर बाकी_शून्य देतील असे दिसते. तोवर मी कापरेकरांच्या आणखी एका कसोटीचा निकाल सांगते. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. ज्या संख्येला असा कोणी जनकच नसतो तिला ते स्वयंभू म्हणत. आपली संख्या स्वयंभू आहे काय?

जनक असलाच तर त्याच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत असली पाहिजे, कारण संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी सारखीच उरते, आणि त्या दोघींची बेरीज येथे ९ च्या पटीत हवी आहे. शिवाय जनक आपल्या संख्येपेक्षा फार लहान असू शकत नाही. त्याचे पहिले तेरा अंक १२३४५६७८९८७६५ हेच राहतात आणि त्यांचीच बेरीज ७१ होते. शेवटचे चार अंक जास्तीत जास्त ३६ मिळवू शकतात. म्हणून एकूण बेरीज ७२, ८१, ९० किंवा ९९ यांपैकीच असणार. ७२ साठी शेवटचे चार अंक ४२४९ हवेत, पण त्यांची बेरीज १९ येते आणि हवी असते १. ९० आणि ९९ साठी अनुक्रमे ४२३१ आणि ४२२२ येतात. दोघांचीही बेरीज १० च आहे, हवी असते १९ आणि २८. ८१ साठी मात्र ४२४० येतात, बेरीज १०, आणि हवी होती तीही १०. म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० हा तिचा एकमेव जनक, त्याच्याही अंकांची बेरीज ८१, आणि दोघांमधले अंतरही ८१. आपली संख्या स्वयंभू नाही.

बाकी_शून्य

निःशंक, आपला आक्षेप महत्त्वाचा आहे आणि अर्धा मला पूर्ण मान्य आहे. ३, ३७ आणि ३३३६६७ या तिघी आपापल्या लांबीच्या एकट्या मालकिणी आहेत हे दहाचेच देणे आहे. पण हर्षद असणे आणि कापल्यावर सगळे नऊ येणे, हे दोन गुण दहाचे नाहीत.

आपण चारच्या पायाची पद्धत घेऊ, जिच्यात ०, १, २, ३ इतकेच अंक आहेत. दहाच्या पद्धतीत नऊ एक, तसे येथे तीन एक घ्यायचे. चारच्या पद्धतीतील १११ म्हणजे १६ + ४ + १ = २१, आणि २१ चा वर्ग ४४१. तो चारच्या पद्धतीत लिहिला की १२३२१ असाच दिसतो. अंकांची बेरीज ९, आणि ४४१ ÷ ९ = ४९, निःशेष. आता उजवे तीन अंक तोडा : १२ म्हणजे ६, ३२१ म्हणजे ५७, बेरीज ६३, आणि ६३ म्हणजे चारच्या पद्धतीतील ३३३. आठ बोटांच्या माणसांनाही सात एकांचा वर्ग घेतल्यावर हेच दोन्ही गुण दिसले असते. त्यांची संख्या वेगळी असती, पण ती त्यांच्याकडेही अशीच चढून उतरली असती.

कारण एकच आहे. पाया कोणताही असो, पायापेक्षा एकाने लहान असलेल्या अंकाने भागल्यावर उरणारी बाकी अंकांच्या बेरजेवरून कळते. म्हणून तो सर्वांत मोठा अंक जितका, तितके एक मांडले की त्या संख्येला त्या अंकाने निःशेष भाग जातो. दहाच्या पद्धतीत हे 'नऊ एकांना नऊ ने भाग जातो' असे दिसते. हर्षद असणे यातूनच येते, आणि १२३४५६७९ × ९९९९९९९९९ ही फोडही यातूनच येते. लेखन बदलले की संख्या बदलते, हे संबंध बदलत नाहीत.

निःशंक

चारच्या पायाचे उदाहरण मी स्वतः करून पाहिले, नंतर पाचच्या पायाचेही. चार एक म्हणजे १५६, त्याचा वर्ग २४३३६, अंकांची बेरीज १६, आणि २४३३६ ÷ १६ = १५२१. आक्षेपाचा हा भाग मी मागे घेतो.

हिंजवडी_फेज२

एक पुढचा प्रश्न. दहा एकांपासून शोभा मोडते हे काकांनी पहिल्याच मजकुरात दाखवले. पण नऊ एकांना ९ ने भाग जातो तसा २७ एकांनाही २७ ने जातो. मग २७ एकांचा वर्ग, चढउताराचे रूप गमावूनही, हर्षद राहतो काय? तेथे हातचे इतके येतात की अंकांची बेरीज क² असण्याचा ताईंचा नियम लागू पडत नाही.

बाकी_शून्य

राहतो. २७ एकांना ९ ने भागले की ०१२३४५६७९ हा गट तीनदा मिळतो, म्हणून वर्ग = (तो भागाकार) × (२७ नवांची संख्या). आणि क नवांच्या संख्येला तिच्याहून मोठी नसलेल्या कोणत्याही धन संख्येने गुणले तर गुणाकाराच्या अंकांची बेरीज नेहमी ९ × क येते, कारण डावा तुकडा आणि उजवा तुकडा एकमेकांचे नवातून पूरक असतात आणि क घरांपैकी प्रत्येक घरात दोघांचे मिळून नऊ होतात. नऊ एकांसाठी ९ × ९ = ८१, सत्तावीस एकांसाठी ९ × २७ = २४३. वर्गाला २७ × २७ = ७२९ ने भाग जातोच, म्हणून २४३ नेही जातो. याच रीतीने ८१ एकांचा वर्गही हर्षद आहे, २४३ एकांचाही, आणि तीनचे घात संपत नाहीत तोवर ही ओळ संपत नाही.

रोजकीर्द

आज दुपारी नातीला घेऊन बसलो आणि तिला सांगितले की आपण सत्तावीस एकांचा वर्ग गुणाकार न करता लिहायचा. भागाकार १२३४५६७९०१२३४५६७९०१२३४५६७९. त्यातून एक वजा केला, तो डावा तुकडा. मग त्याच्यापुढे एक शून्य दिले आणि तिने प्रत्येक अंक नवातून काढून उजवा तुकडा लिहिला. चौकटीच्या कागदाची एक ओळ पुरली नाही, दुसरा कागद चिकटवावा लागला :

१२३४५६७९०१२३४५६७९०१२३४५६७८९८७६५४३२०९८७६५४३२०९८७६५४३२१

अंक त्रेपन्न भरले. बेरीज तिने दोनदा केली, दोन्ही वेळा २४३ आली. मधोमध, जेथे दोन तुकडे जोडले जातात, तेथे ७ नंतर ८ आणि ८ नंतर ९ उभा आहे हे तिनेच बोट ठेवून दाखवले. सबंध ओळीच्या डाव्या भागात आठ एवढा एकदाच येतो.